मेलेलं पाखरू कशानं गेलं: हिवाळ्यातल्या नोंदी

मेलेलं पाखरू कोणी खाल्लं हे पिसांवरून कसं ओळखायचं, हा विषय मागच्या नोंदीत अर्धवट राहिला होता, तो आधी संपवतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, होल्याची (कबुतरासारख्या लहान पाखराची) पिसं विखुरलेली दिसली की गावात सरसकट "मांजरानं नेलं" म्हणून मोकळे होतात. दहा रुपयांचं भिंग घेऊन पिसाचं देठ पाहा. शिक्रा हा शिकारी पक्षी पिसं एकेक उपटतो, त्यामुळे देठ बुडापर्यंत शाबूत असतं आणि कधीकधी त्यावर चोचीचा चिमटा उमटलेला दिसतो. मांजर, मुंगूस, कोल्हा दातांनी झुपकेच्या झुपके तोडतात. तिथे देठं चावलेली, तुटलेली आणि लाळेनं एकमेकांना चिकटलेली मिळतात. देठाच्या बुडाशी कातडीचे बारीक तुकडे असतील तर पक्षी गार झाल्यावर कोणीतरी सोलला असावा, म्हणजे तो आधीच मेलेला होता. ही शेवटची खूण मला सगळ्यात कामाची वाटते, कारण खाणारा आणि मारणारा एकच असतो असं धरून चालणारे आपल्यात फार आहेत.

विजेचं प्रकरण त्यामानानं सोपं. पक्षी खांबाच्या किंवा डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) बुडाशी पडलेला असेल तर शॉकचा संशय घ्यावा, दोन खांबांच्या मधोमध पडलेला असेल तर तारेला धडकल्याचा. शॉक लागलेल्या घारीच्या पंखाच्या सांध्यावर आणि पायावर जळाल्याचे डाग शोधावे लागतात. ते अगदी हरभऱ्याएवढेही असू शकतात, म्हणून पिसं फुंकर मारून बाजूला करायची. जळक्या पिसांचा वास मात्र लपत नाही. धडकलेल्याचा पंख किंवा मान मोडलेली असते, भाजल्याची खूण नसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीच्या माळावरच्या माळढोकांच्या बाबतीत तारांची भीती का बोलली जाते, ते यावरून लक्षात यावं. जड अंगाचा पक्षी, आणि नजर समोरच्यापेक्षा बाजूला जास्त.

आता यंदाची मुख्य नोंद. गव्हाची पेरणी झाली आणि आमच्या शिवारात एका वावराच्या कडेला होले, एक तितर आणि दोन साळुंक्या मेलेल्या सापडल्या. अंगावर जखम नाही. छातीचं हाड हाताला टोचत नव्हतं, मांस भरलेलं, म्हणजे उपासमार नाही. हातावर चढवलेल्या पिशवीतूनच गळ्याखाली चाचपलं तर होल्यांच्या अन्नपिशव्या दाण्यांनी टच्च. एकाची अन्नपिशवी कावळ्यांनी फोडलेली होती, त्यातून गुलाबी गहू, म्हणजे पेरणीआधी औषध लावून रंगवलेलं बी, बाहेर आला होता.

वावराचे मालक काकाजी म्हणाले, "औषध त सारेच लावतेत भाऊ. मंग माह्याच वावरात कायले मरतीन?"

प्रश्न रास्त होता. उत्तर वावराच्या मध्यात नव्हतं, टोकाला होतं. पेरणीयंत्र जिथे वळतं तिथे दाणे मातीखाली जात नाहीत, वरच सांडतात. काकाजींच्या वावराला नाल्याच्या बाजूनं तिरपी कड आहे, म्हणून ट्रॅक्टर तिथे दोनदा वळतो आणि गुलाबी दाण्यांचा पट्टाच पडलेला होता. मेलेली पाखरंही त्याच कडेला. शेजारच्यांनी बी झाकलेलं होतं. आम्ही ते दाणे झाडूनं गोळा करून खोल पुरले, त्यानंतर त्या कडेला नवीन मेलेलं पाखरू दिसलं नाही.

तरीही मी नोंदवहीत "विष" लिहिलं नाही, "बीजप्रक्रियेचा दाट संशय" लिहिलं, म्हणजे बियाला लावलेल्या औषधाचा. बुरशीनाशक लावलेलं बीही रंगवलेलं असतं आणि कीटकनाशक लावलेलंही. रंगावरून औषध ओळखता येत नाही. पाय आखडले म्हणूनही विष ठरत नाही, फांदीवर बसणाऱ्या पाखरांची बोटं मेल्यावर तशीही मिटतात. मेलेल्या जनावरावर बसलेल्या माश्या तिथेच मरून पडलेल्या दिसल्या तर मात्र मी लगेच मागे सरतो. तिथे कोल्ह्याकुत्र्यांसाठी कोणी जहाल कीटकनाशक टाकलं असण्याची शक्यता मोठी. फोरेट या अशाच कीटकनाशकावर, म्हणजे आपल्या बोलीतल्या थिमेटवर, २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण जुन्या घरांच्या माळ्यावर डबे अजून सापडतात.

बाहेरून दिसतं तेवढंच पुरत नाही याचा दाखला गिधाडांचा. ती झपाट्यानं मरत होती तेव्हा बराच काळ रोगाचा संशय होता. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसला, तो यूरिक आम्लाचा. कारण निघालं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलेलं, आणि तेही कळलं २००४ मध्ये. भारतात जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. आपल्या भिंगाला हे कधीच कळलं नसतं.

काही जणांनी विचारलं, पाखरू उघडून बघतोस का? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो आणि हाती आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. शिवाय नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, हे नागपूर आपल्यापासून किती लांब? त्यामुळे फोटो, जागा, आजूबाजूला काय पेरलंय, किती पाखरं मेली, एवढंच मी पाहतो. उलटी केलेली पॉलिथिनची पिशवी हातावर चढवून उचलतो, तेही वनरक्षकांना फोन झाल्यावर. एकाच जागी बरीच पाखरं असतील तर पिशवीही नाही, आधी पशुवैद्यकीय दवाखाना.

होल्यांचे नमुने दवाखान्यानं बर्फावर ठेवून पाठवले आहेत, अहवाल आला की टाकतो. तोवर एक विनंती: तुमच्याकडे कोणी रातवा (रात्री फिरणारं, जमिनीवर बसणारं पाखरू) रस्त्यावर मेलेला पाहिला तर पोटाच्या बाजूचा फोटोही घ्या. रात्री गरम डांबरावर बसलेल्या रातव्याला गाडी लागली की पाठ साबूत दिसते आणि मार खालीच असतो, असा माझा अंदाज आहे. पण माझ्याकडचे सगळे फोटो पाठीचेच आहेत.