आब्रेऊ इतके क्लब का फिरला

उरुग्वेचा स्ट्रायकर सेबास्तियान आब्रेऊ २०२१ मध्ये ४४व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ११ देशांतले तीसहून जास्त क्लब होते. २०१७ च्या डिसेंबरात चिलीच्या ऑदाक्स इटालियानोशी करार झाला, तो त्याचा २६वा क्लब. जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टीलचा २५ क्लबांचा विक्रम तिथे मोडला. गडी एका जागी टिकत नाही, अशी त्याची ख्याती. क्लबांची यादी तारखांसकट वाचली की मात्र यातला बराचसा भाग स्वभावाचा नव्हे, करारांचा आणि कॅलेंडरचा आहे हे कळतं.

सुरुवात लोनपासून, म्हणजे करार आपल्याकडे ठेवून खेळाडू काही काळ दुसऱ्या क्लबला खेळायला देणं. स्पेनच्या देपोर्तिवो ला कोरुन्याने त्याला १९९८ मध्ये अर्जेंटिनाच्या सॅन लोरेन्सोकडून विकत घेतलं, पण संघात जागा मिळेना. मग ग्रेमियो, टेकोस, पुन्हा सॅन लोरेन्सो, नासिओनाल, क्रूस आसूल. यादी लांबत गेली, मालक एकच. लोनच्या काळात, वेगळं ठरलं नसेल तर, मूळ करार स्थगित राहतो. आता फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, यावर लगाम घातलाय: लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं, आणि लोनवर आणलेला खेळाडू तिसऱ्या क्लबला पुढे ढकलता येत नाही.

दुसरं कारण मेक्सिको. तिथे वर्षात दोन छोट्या स्पर्धा होतात, त्यामुळे सहा महिन्यांचा हिशेब अंगवळणी पडतो. २००६ च्या पहिल्या सहामाहीत तो दोरादोस दे सिनालोआकडून खेळला (पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला पेप गार्डिओला त्याच संघात होता!) आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत आला. क्लब तरीही खालच्या श्रेणीत गेला, कारण तिथे घसरण एका स्पर्धेच्या गुणांवर ठरत नसे, आधीच्या हंगामांसकट काढलेल्या सरासरीवर ठरे. अशा वेळी गोल करणाऱ्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. तो मेक्सिकोच्याच माँतेरे क्लबात गेला.

उतारवयातलं गणित वेगळं. ब्राझीलमध्ये वर्षाच्या सुरुवातीला राज्य स्पर्धा असते. छोट्या क्लबला तेवढ्यापुरता ओळखीचा चेहरा हवा असतो. २०१७ मध्ये रिओचा बांगू, मग मायदेशी सेंट्राल एस्पान्योल, मग चिलीचा प्वेर्तो माँट, असं त्याचं वर्ष गेलं. १.९३ मीटर उंची, हेडर आणि पेनल्टी. यातलं काहीच वेगावर अवलंबून नाही, म्हणून चाळिशीतही मागणी टिकली. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध शूटआउटची निर्णायक पेनल्टी त्याने मधोमध अलगद उचलून मारली. त्या संघातला दिएगो फोर्लान २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळून गेला, हे आपल्याकडच्या मंडळींना आठवत असेल.

असं करिअर करणाऱ्याला नियम पाठ लागतात. एका हंगामात नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे, अधिकृत सामने दोघांकडूनच. देशोदेशीचे हंगाम एकमेकांवर चढत असतील तर अपवाद मिळू शकतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलता येतं. 'मेडिकल पास झाली तर करार लागू' असं कलम फिफाला चालत नाही, म्हणून तपासणी सहीच्या आधी उरकायची. ट्रान्सफर विंडो (क्लब बदलाच्या नोंदणीचा ठरलेला काळ) संपण्याआधी करार संपला असेल तर नंतरही नोंदणी होऊ शकते. विंडो बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी फारकत घेतली तर मात्र पुढची विंडो उघडेपर्यंत घरी. तेही बिनपगारी.

सगळ्यात जास्त घोळ पगाराचा. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि पूर्ण थकबाकी भरायला किमान १५ दिवस द्यायचे. तरी पैसे आले नाहीत तर करार तोडायला सबळ कारण मिळतं. नोटीस न देता बॅग भरली तर उलट खेळाडूकडूनच नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते. म्हणून रक्कम कर कापून की कापण्याआधीची, घरभाडं कोण देणार, विमानाची तिकिटं किती, हंगाम संपल्यावरचे महिने धरलेत का, हे सगळं करारात आकड्यांनिशी हवं. एजंटच्या व्हॉट्सअॅपवरच्या 'हो, होईल' ला क्लबचे वकील मोजत नाहीत.