सरांच्या फळ्यावरचा ‘नाद खुळा’

१९९१ साल, कोल्हापुरातल्या शाळेतला नववीचा वर्ग. मराठीच्या तासाला समास चालला होता. सरांनी फळ्यावर ‘गुणहीन’, ‘भक्तिवश’ लिहिलं आणि तृतीया तत्पुरुषाचं आणखी एक उदाहरण मागितलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “नाद खुळा!” काही झकास दिसलं की आमच्याकडं अशीच दाद देतात. वर्ग फुटला. सर हसले नाहीत. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, “बरोबर. नादानं खुळा. आता नाद म्हणजे काय ते सांगा.”

“आवाज,” पुढच्या बाकावरून उत्तर गेलं.

“आवाजानं खुळं झालेलं कोण बघितलंय?”

मग गवळ्याच्या घरचा आमचा मित्र उठला. दिवाळीच्या पाडव्याला त्याचे वडील म्हशींची शिंगं रंगवायचे, त्यांना सजवून पळवायला न्यायचे. मोटरसायकल पुढं आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस मागं! “आई म्हणती, ह्यास्नी म्हशीचा नाद लागलाय, पार खुळं झाल्यात,” तो म्हणाला.

मला वाटतं, हा शब्द असाच घरोघरच्या तक्रारीतून आला. नादी लागणं, नाद सोडणं, नादिष्ट, डोक्यात खूळ शिरणं, सगळी बोलणी खायचीच भाषा. पण कोल्हापुरात खुळं होणाऱ्याला मान आहे. कुणी कबुतरांसाठी कौलावर दिवस काढतो, कुणी पहाटे तालमीत घाम गाळतो, कुणी पेठेच्या फुटबॉल संघापायी कामावर खाडा करतो. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला गर्दी लोटायची, तीही याच नादानं. अशा गावात या बोलण्यांची शाबासकी झाली नसती तरच नवल.

त्या तासाची खरी मजा पुढं होती. सर म्हणाले, “समास असेल तर मुलगी नादखुळी आणि मुलगे नादखुळे व्हायला पाहिजेत. म्हणता का तसं?” कुणीच म्हणत नव्हतं. मिसळ असो, गाडी असो की स्टेडियमवरचा गोल असो, सगळं ‘नाद खुळा’च. तेवढ्यात एक मैत्रीण उभी राहिली. “सर, आम्ही पोरीबी ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतोय की. आमाला खुळी कशाला करताय?”

सर मनापासून हसले. मग त्यांनी समास पुसला आणि तिथं ‘केवलप्रयोगी अव्यय’ असं लिहिलं. लिंग बदलो, वचन बदलो, शब्द जागचा हलत नाही, ‘वाहवा’, ‘शाब्बास’ यांच्याच पंगतीतला. अव्यय म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, ते आजतागायत विसरलेलो नाही. आपल्या तोंडचं बोलणं व्याकरणात बसतं, हेही तेव्हाच पहिल्यांदा उमगलं.

पुढं नोकरीला पुण्यात आलो. इथल्या पोरांच्या तोंडीही हा शब्द आहे, पण ते तो घाईनं उरकतात. आपल्याकडं ‘ना’ चांगला लांबवायचा, क्षणभर थांबायचं आणि ‘खुळा’वर झटका द्यायचा. समोरच्यानं ‘भावा!’ म्हणून हात पुढं केला की वाक्य पुरं होतं. ‘नाद करायचा न्हाई’ ही मात्र वेगळी गोष्ट, ती दमदाटी.

कुणी तो जोडून लिहितं, कुणी तोडून. मी इथं तोडून लिहिलाय, कारण सरांनी फळ्यावर तसा लिहिला होता.