आल्प्सच्या नोंदवह्या: तापमान बोललं, पाऊस अजून बोलत नाही

मंडळी, स्वित्झर्लंडची 1864 पासूनची मासिक तापमानं एकदाची एक्सेलमध्ये भरून झाली. डिसेंबर 1863 मध्ये या देशानं 88 हवामान-ठाण्यांचं जाळं एकदम सुरू केलं, म्हणून सुरुवात 1864 पासून. ग्रेट सेंट बर्नार्डची मालिका मात्र त्याहून जुनी. 2472 मीटरवरच्या त्या खिंडीतल्या मठात जिनिव्हाच्या मार्क-ऑगस्ट पिक्ते यांनी 1817 साली नोंदी सुरू करवल्या. त्याच साली आपल्याकडे खडकीची लढाई झाली. हिमवादळं झेलत तापमापक वाचणाऱ्या त्या धर्मगुरूंचा विचार मनात आला की आकडे भरायचा कंटाळा पळून जातो.

एक चूक सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. एका ठाण्याची मूळ मालिका आणि दुरुस्त मालिका माझ्याकडून एकाच तक्त्यात मिसळल्या गेल्या आणि आलेखात मधेच पायरी दिसली. मला वाटलं, मोठा शोध लागला! पण हवामान बदललं नव्हतं, मोजण्याची तऱ्हा बदलली होती. ठाणी हलतात, तापमापकाची पेटी बदलते. पूर्वी दिवसातून तीन वाचनांवरून सरासरी काढत, आता यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करतं. हे सगळं हिशोबात धरून दुरुस्त केलेली मालिकाच घ्या, आणि फायलीच्या नावात तसं लिहून ठेवा. आठ दिवस गेले माझे.

दुरुस्त मालिकेतही 1980 च्या दशकाच्या शेवटी एक उडी राहतेच, आणि ती मात्र खरी आहे. ती एका ठाण्यापुरती नाही, सगळीकडे दिसते. 1871 ते 1900 च्या सरासरीशी ताडून पाहिलं तर देश आज सुमारे 2.9 अंशांनी तापलाय, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. ऑगस्ट 2023 मध्ये तिथल्या पायेर्न गावाहून सोडलेल्या हवामानाच्या फुग्याला शून्य अंश तापमान सापडलं ते थेट 5298 मीटरवर. आल्प्सचं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ, त्याचा माथाही या उंचीच्या खाली राहिला. हे वाचून मी बराच वेळ आलेखाकडे नुसता बघत बसलो. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा दहावा हिस्सा वितळला.

आता पाऊस. इथे घोडं अडलंय. सिऑनच्या दरीत वर्षाला 600 मिमीच्या आसपास, आणि डोंगरापलीकडच्या लुगानोत 1500 च्या घरात. महाबळेश्वर आणि वाई ज्यांनी पाहिलंय त्यांना पर्जन्यछाया समजवायला नको. पण एका वर्षाचा आकडा पुढच्या वर्षाशी इतका फटकून असतो की दहा वर्षांच्या सरकत्या सरासरीत काहीच हाती लागत नाही. तीस वर्षांची घेतल्यावर हिवाळ्यातली वाढ दिसू लागली. उन्हाळ्याची रेषा आडवीच. उंचावरच्या ठाण्यांवर माझा अजून पुरता विश्वास नाही, कारण वारा बर्फ पर्जन्यमापकावरून उडवून नेतो आणि नोंद कमी भरते. सेंटिस शिखरावरच्या ठाण्याचा आलेख म्हणूनच बाजूला ठेवलाय.

पुढच्या वेळी हिवाळ्याचे महिने वेगळे काढून, किती पाऊस आणि किती बर्फ, ते सिऑनपासून तपासणार आहे. फायली तयार आहेत, डिसेंबरपासून सुरुवात करतो.