रेसिडन्सी ठीक आहे, तिकीट कोण काढतंय?

रेसिडन्सी म्हणजे कलाकाराने काही आठवडे-महिने दुसरीकडे राहून काम करायचं. तिच्या ओपन कॉलचा, म्हणजे अर्ज मागवण्याचा, सीझन आला की इन्स्टावर कुणी ना कुणी ज्युनिअर विचारतंच, सर युरोपात अमुक रेसिडन्सीला सिलेक्शन झालंय, जाऊ का? माझा पहिला प्रश्न ठरलेला, पैसे कोण देतंय? कारण हल्ली बऱ्याच ठिकाणी अर्जालाच फी, मग खोलीचं भाडं तुम्ही भरा, तिकीट-व्हिसा तुमचं तुम्ही बघा, आणि निघताना एक काम त्यांना देऊन यायचं. स्वतःच्या खर्चाने ट्रिपच की ही, सीव्हीत एक ओळ वाढते एवढंच.

पण म्हणून रेसिडन्सी म्हणजे सगळा श्रीमंतांचा टाइमपास असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. दिलीप चित्रे १९७५ ते ७७ आयोवाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला होते, चित्र-शिल्पवाल्या शर्मिला सामंत ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमी या रेसिडन्सीत होत्या, तिथलाही मुक्काम दोन वर्षांचा असतो. त्यांची ती कोकाकोलाच्या बाटल्यांच्या बुचांची साडी बघा, एकेक बूच जोडत पदरापर्यंत जायला किती निवांतपणा लागत असेल! आता कसं, चार आठवडे, त्यात जेटलॅग, एक आर्टिस्ट टॉक, शेवटी ओपन स्टुडिओ, म्हणजे लोकांना काम बघायला दार उघडायचं, झालं.

आणि फॉर्ममध्ये हमखास येणारा प्रश्न, स्थानिक कम्युनिटीशी कसे एंगेज व्हाल? अरे भाषा येत नाही, दुकानदाराशी खाणाखुणांनी बोलतोय, मग पोरांचं एक ड्रॉइंग वर्कशॉप घेतो, फोटो निघतात, फंडिंगवाल्यांचा रिपोर्ट सजतो. दिल्लीच्या खोज या कलाकारांच्या संस्थेचं वेगळं आहे, ते खिडकी एक्स्टेन्शन या वस्तीत २००२ पासून बसलेत, म्हणजे शेजारीच झालेत तिथले.

खोज सुरू झालं तेही एका वर्कशॉपमधूनच, पण आर्टिस्टांच्या, १९९७ ला, दिल्लीजवळच्या मोदीनगरला. मूळ कल्पना शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेल्या ट्रँगल या वर्कशॉपची, देशोदेशीचे आर्टिस्ट काही दिवस एकत्र आणायचे, काम करा, गप्पा मारा, विकायचं टेन्शन नाही. मोदीनगरला सुबोध गुप्ता या आर्टिस्टने गोवऱ्या रचून आत शिरता येईल अशी गोल खोली उभी केली. कुठल्या गॅलरीवाल्याने तेव्हा हे करू दिलं असतं? खरी कमाई ही, दुसऱ्याच्या पैशाने मिळालेला रिकामा वेळ आणि आजूबाजूला कामाने झपाटलेली चार माणसं.

आणि त्यासाठी विमानच पकडायला हवं असंही राहिलं नाही आता. निखिल चोप्रा, माधवी गोरे आणि रोमँ लुस्तो या आर्टिस्टांनी २०१४ मध्ये गोव्यात एचएच आर्ट स्पेसेस सुरू केलं, बाहेरचे आर्टिस्ट तिथे येऊन राहतात, परफॉर्मन्स करतात. परवा एकीला तेच सांगितलं, युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी आणि वडिलांच्या बँक स्टेटमेंटसाठी पळापळ करण्याआधी गोव्यात काय चाललंय ते तरी बघून ये, तिथे व्हिसा लागत नाही, कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट मिळालं की झालं, आणि सुट्ट्यांत तेच व्हिसापेक्षा अवघड असतं म्हणा.