खंय पळयतालो?

टक. एवढाच आवाज.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. रिव्हर्स घेत होतो आणि मागे उभी असलेली स्कूटर आडवी. हुकाला लटकवलेल्या पिशवीतली लिंबं रस्ताभर. स्कूटरवाल्या मावशी ओरडल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, “खंय पळयतालो रे?” (कुठे बघत होतास रे?)

चूक माझीच. (मोबाइलकडे बघत होतो. लिहिलं एकदाचं.) आरसा-इंडिकेटरचे पैसे तिथेच दिले, लिंबं वेचून दिली.

माझाही बंपर फुटला. गॅरेजवाल्याने ८,२०० सांगितले. विम्याचा क्लेम करू? रात्री बिलाच्या मागे हिशोब मांडला. पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के बोनस, म्हणजे सूट. १२,००० चे ६,००० भरतो. क्लेम घेतला की तो शून्य. शिवाय पहिले १,००० आपलेच, आणि झिरो डेप (पार्टची झीज न कापणारं कव्हर) घेतलेलं नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पार्टचे निम्मेच मिळणार. म्हणजे तीन-चार हजारांसाठी पुढच्या वर्षी सहा हजार जास्त!

एजंटला फोन केला, तर तो सहज म्हणाला, “फॉर्मवर लिहा ना, गाडी उभी होती, कोणीतरी ठोकून गेलं.”

गंमत म्हणजे त्याने फरक काहीच पडत नाही. चूक कोणाचीही असो, आपल्या गाडीचा क्लेम घेतला की बोनस जातोच. खोटं अगदी फुकटचं.

तरी दोन सेकंद मी “हं” म्हटलं. ते “हं” अजून डोक्यात आहे.

बंपर खिशातूनच करतोय. तुमच्यापैकी कोणी क्लेम फॉर्मवर “चूक माझी” असं सरळ लिहिलंय?