मालकही तोच, रेसरही तोच

रविवार, रात्र

मोटरसायकलच्या जुन्या शर्यती बघण्याचं खूळ पुन्हा डोक्यात शिरलंय. आज 2003 ची स्पेनमधली व्हॅलेन्सिया, 125 सीसी, म्हणजे सगळ्यात लहान इंजिनांचा वर्ग. जिंकला केसी स्टोनर. वय 18, कारकिर्दीतला पहिलाच ग्रां प्री (जागतिक स्पर्धेतली शर्यत) विजय. माझं लक्ष मात्र लुचिओ चेकिनेल्लोवर. तोही त्याच शर्यतीत होता, 34 वर्षांचा, रेसर म्हणून शेवटच्यांदा उतरलेला. आणि पोरगा ज्या टीमकडून जिंकला, तिचा मालकही हाच.

असं काळीज कुठून आणतात? रेसरला पहिला हरवायचा असतो तो टीममधला जोडीदार, कारण गाडी तीच, सबबीला जागा नाही. चेकिनेल्लोने तो जोडीदार स्वतः निवडून, पैसे मोजून शेजारी उभा केला.

टीम त्याने 1996 मध्येच काढली, ऐन रेसिंगच्या काळात. एलसीआर, म्हणजे लुचिओ चेकिनेल्लो रेसिंग. टीम काढणारे इतर रेसर बघा: केनी रॉबर्ट्स 500 सीसीचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च वर्गाचा, तीनदा विश्वविजेता, फाउस्तो ग्रेसिनी 125 चा दोनदा. अशा नावांना प्रायोजक तरी दार उघडतात. चेकिनेल्लोकडे सगळ्या कारकिर्दीत मिळून 125 चे सात विजय, विश्वविजेतेपद एकही नाही. मग पुढे मोटोजीपीत, म्हणजे आताच्या सर्वोच्च वर्गात, काय करायचा, तर दर शर्यतीला गाडीवर नवा प्रायोजक, नवा रंग. लोक हसायचे. मला त्यात हिशेबी माणूस दिसतो. होंडाकडून गाड्या भाड्याने घ्यायच्या तर पैसा कुठून तरी उभा करायलाच हवा ना!

स्टोनर 2004 मध्ये दुसरीकडे गेला, 2005 मध्ये परत आला. 250 सीसीत, म्हणजे मधल्या वर्गात, पाच शर्यती जिंकून उपविजेता. 2006 ला दोघं मिळूनच मोटोजीपीत चढले, एक रेसर, एक टीम. दुसऱ्याच शर्यतीत, कतारला, पोराची पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात! मग वर्षभर पडापडीही भरपूर. मोडलेल्या गाडीचा खर्च मालकाच्या वहीत चढतो, हे टीव्हीवर दिसत नाही.

2007 ला स्टोनर डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीममध्ये, गेला आणि त्याच वर्षी विश्वविजेता झाला. छोट्या टीमचं हे ठरलेलंच. पोर हेरा, घडवा, मोठ्यांच्या हवाली करा. चेकिनेल्लोला याचं दुःख झालं असेलच, पण त्याने दुकान बंद केलं नाही, हे मला विश्वविजेतेपदाहून मोठं वाटतं. (उद्या कदाचित मत बदलेल.)

मोटोजीपीतला एलसीआरचा पहिला विजय थेट 2016 चा. चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो, ओला ट्रॅक. कॅल क्रचलोने पावसाळी टायरमधला कडक प्रकार निवडला. सुरुवातीला मागे पडला आणि ट्रॅक सुकत गेला तसा एकेकाला गाठत पुढे निघाला. 1981 च्या बॅरी शीननंतर सर्वोच्च वर्गात जिंकलेला पहिला ब्रिटिश. आणि याला कोणी पळवून नेलं नाही, 2020 संपेपर्यंत तो एलसीआरमध्येच होता.