दुसऱ्या टोकाचा माणूस

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेत पेन्शनवाल्यांचा महिना. हयातीचा दाखला द्यायला सकाळी शटर उघडायच्या आधीच मंडळी पायरीवर हजर असतात, कानटोपी, काठी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं पासबुक घेऊन. इंदूरपासून महू जेमतेम 23 किलोमीटर. तिथे इन्फन्ट्री स्कूल, सिग्नलवाल्यांचं म्हणजे फौजेची टेलिफोन-वायरलेस यंत्रणा सांभाळणाऱ्यांचं कॉलेज, त्यामुळे निवृत्त फौजी आमच्याकडे बरेच. त्यातले कितीतरी सातारा-सांगलीकडचे मराठी. शेवटची पोस्टिंग महूला झाली, मुलं इथेच शिकली, आणि गावाकडे परतायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी गर्दी फार होती. एक आजोबा मुलीचा हात धरून काउंटरवर आले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. मी मान वर न करताच यंत्र पुढे सरकवलं आणि सवयीनं म्हटलं, "बाबूजी, अंगूठा रखिए." ठसा जुळेना. ओल्या रुमालानं बोट पुसायला सांगितलं. पुन्हा नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. मागचे लोक कुरकुरायला लागले आणि माझाही आवाज चढला, "जरा ज़ोर से दबाइए ना!"

त्यांनी शांतपणे दोन्ही हात पालथे होते ते उलटे करून काउंटरवर ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशीच संपलेली. बाकीच्यांची टोकं चपटी, गुळगुळीत, आतून उजेड लागल्यासारखी चकचकीत. रेषा नावालाही नव्हती. माझ्या खिशावरच्या नावाकडे बघून ते मराठीत म्हणाले, "मॅडम, यात काही मिळायचं नाही. ते कारगिलला जमा आहे."

मी उठून उभी राहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत काउंटरवर कुणासाठी उठल्याचं मला आठवत नाही. अजूनही तो चढलेला आवाज कानात आला की जीव चोरट्यासारखा होतो. आधी त्यांच्या हातांकडे बघायला हवं होतं, एवढंच.

मुलीनं सांगितलं, इतकी वर्षं महूच्या शाखेत ओळखीचे साहेब होते, ते समोर बसवून कागदावर सही करून घ्यायचे. आई गेल्यावर तिनं वडिलांना सुदामा नगरला आपल्याकडे आणलं. वय 80 पूर्ण. एवढ्या वयाच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, ही गर्दी टाळता येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

बोटं नसली तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आहे. पण नेमकं सर्व्हर बसलं. मी त्यांना आत माझ्या टेबलाशेजारी बसवलं, पुढचं काउंटर सहकाऱ्याला दिलं आणि चहा मागवला. त्या तासाभरात जे ऐकलं त्यासाठीच हे लिहितेय.

आजोबा सिग्नलचे लाइनमन. 62 च्या चीन युद्धानंतर फौजेची मोठी भरती झाली, त्यात 63 साली लागले. जबलपूरला ट्रेनिंग. लाइनमनचं काम म्हणजे ठाण्यापासून ठाण्यापर्यंत टेलिफोनची केबल टाकायची आणि ती चालू ठेवायची. तोफगोळा पडला, खेचराचा पाय अडकला, दरड आली, की लाइन तुटते. मग रात्र असो, बर्फ असो, केबल मुठीत धरून अंधारात चालत जायचं, जिथे ती हातातून संपेल तिथे दुसरं टोक शोधायचं. दिवा लावायचा नाही.

"आणि जोड हातमोजे घालून होत नाही," ते म्हणाले. "तार बारीक असते. बोटाला कळावं लागतं."

माझ्या टेबलावरच्या पेनाची दोरी तुटलेली होती, कित्येक दिवस तशीच. बोलता बोलता त्यांनी दोन्ही टोकं उचलली. अर्धी बोटं, पण हालचाल इतकी नेमकी की मी बघतच राहिले. डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर, हलका ओढा, आणि सपाट गाठ बसली, शाळेत स्काउटला शिकवायचे तीच. "ही आधी. ताण गाठीनं घ्यायचा, तारेनं नाही. मग तांबं उघडं करून पिळायचं, वर टेप. दोन तारा असतात, त्यांचे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत, मागे-पुढे ठेवायचे. नाहीतर एकमेकांना चिकटतात आणि आवाज जातो." थंडीत टेप चिकटत नाही, ती आधी काखेत धरून गरम करायची, हेही त्यांनी सांगितलं.

डिसेंबर 71. आपण पूर्वेकडची लढाई आठवतो, ढाक्याची शरणागती आठवतो. त्याच दिवसांत कारगिलच्या वरच्या डोंगरांवरही लढाई चालू होती, कारण तिथल्या पाकिस्तानी ठाण्यांवरून श्रीनगर-लेह रस्ता थेट दिसायचा. 13620 नावाचं एक ठाणं आहे, फुटांतली उंची हेच त्याचं नाव. 65 साली आपण ते जिंकलं, ताश्कंद करारानंतर परत दिलं आणि 71 ला पुन्हा चढून घेतलं. त्या भागातल्या एका लाइनवर आजोबा होते. गोळीपेक्षा हिमदंशानं जास्त माणसं खाली आणली, असं ते म्हणाले. एका रात्रीत त्यांनी तीन जोड घातले. तिसऱ्या वेळी बोटांना तार कळेनाशी झाली, तेव्हा डोळ्यांनी आणि दातांनी काम केलं. पुढे इस्पितळ, मग खालच्या मेडिकल कॅटेगरीत महू, आणि हवालदार म्हणून निवृत्ती.

आता माझं सांगते. माझा भाचा अग्निवीर भरतीसाठी पहाटे उठून पळतो. 1.6 किलोमीटरची वेळ रोज मोबाइलवर टिपून ठेवतो. मी बँकेतली, हिशोबाची. चार वर्षांची नोकरी, पुढे घेणार शंभरातल्या पंचवीस जणांना, बाकीच्यांना पेन्शन नाही. मी वहिनीला कितीदा म्हटलंय, समजाव त्याला. म्हणून आजोबांना मी सरळच विचारलं, तुम्ही का गेलात?

"पोटासाठी," ते लगेच म्हणाले. "खोटं कशाला बोलू ताई? साताऱ्याकडे त्या काळी घरात चार भाऊ आणि जमीन दीड एकर. आमच्या शेजारचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली, दगडावर लिहिलंय. तरी पोरं भरतीला जायचीच. गणवेश मिळायचा, बूट मिळायचे, घरी मनिऑर्डर यायची."

"मग देशासाठी वगैरे…"

ते जरा थांबले. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटांनी नाही.

"ते शब्द साहेब लोक सलामीला बोलतात. खरेच असतात, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री माझ्या डोक्यात देश नव्हता. वर एका ठाण्यात टेलिफोनजवळ एक पोरगा बसलेला. हॅलो हॅलो करतोय आणि पलीकडून काही येत नाही. लाइन तुटली की वरचा माणूस एकटा पडतो, मॅडम. त्याला वाटतं, सगळे गेले. त्याला कळायला पाहिजे, की खाली कुणीतरी आहे. मी त्याचं तोंड कधी बघितलं नाही. आवाज तेवढा ओळखायचो."

मी पुढे काही विचारलं नाही. फौजींसाठी निधी जमवायचा ध्वजदिन 7 डिसेंबरला येतो, 1949 पासून पाळतात. दरवर्षी छातीला तो छोटा कागदी झेंडा लावून मी डब्यात पैसे टाकते आणि कामाला लागते. तो निधी गरजेचा आहे, पुढेही टाकीन. पण ज्यांच्यासाठी तो जमतो त्यांच्यातला एक माणूस माझ्या काउंटरवर चार वेळा अंगठा दाबत उभा होता आणि मी ओरडत होते. शाल-श्रीफळाच्या आधी त्यांचा दाखला एका खेपेत व्हायला हवा, असं मला फार वाटतं. भाच्याला अजून मी जा म्हणालेली नाही. जाऊ नको म्हणणं मात्र थांबवलंय.

सर्व्हर आलं. मी मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला तर ते खुर्चीतून उठून सावधानमध्ये उभे राहिले. त्या ॲपला पापणीची उघडझाप लागते आणि ते पापणी हलवेनात. "बाबा, डोळे मिटा ना एकदा," मुलगी म्हणाली. त्यांनी मिटले, उघडले. हिरवी खूण आली. दाखला झाला.

जाताना मी विचारलं, रिक्षापर्यंत सोडू का? नको म्हणाले. टेबलावरचा लँडलाइनचा नंबर तेवढा पासबुकाच्या मागच्या पानावर मुलीकडून लिहून घेतला. आणि सहज म्हणाले, "जोड घातला की निघून यायचं नसतं. दोन्ही टोकांनी बोलून बघायचं. आवाज आला, मगच काम झालं."

दुपारी साडेतीनला तो फोन वाजला. हल्ली त्यावर फारसं कुणी करत नाही.

"हवालदार बोलतोय. पोचलो घरी. ऐकू येतंय का?"

"येतंय आजोबा," मी म्हटलं. "स्पष्ट येतंय."